बुधवारी कुलूप असतं

बाजारातल्या सलूनवाल्याला सगळे वस्ताद म्हणत. एके काळी त्यांचा हात असा हलका, की गिऱ्हाईक खुर्चीतच डुलकी काढायचं आणि दाढी झाली हे त्याला उठवून सांगावं लागायचं. हल्ली त्याच खुर्चीत माणसं डोळे टक्क उघडे ठेवून बसत. मग एकेक जण म्हणू लागला, "आजकाल दाढी घरीच करतो." केस तेवढे कापून घेत. केस चुकले तर पुन्हा वाढतात, कानाचं तसं नाही.

हात थरथरतो हे वस्तादांना मान्य होतं, त्याचं कारण मान्य नव्हतं. ते म्हणत, अशक्तपणा आहे. त्या अशक्तपणावर रोज सकाळी दुकान उघडण्याआधी दोन घोट, दुपारी दोन आणि संध्याकाळी मोजदाद नाही, असा इलाज चालू होता.

शेवटी बायको म्हणाली, "दारू सोडणाऱ्यांची मीटिंग असते म्हणे गावात. या महिन्यात तिथं गेलात तर ठीक. नाहीतर एक तारखेला मी पोरीला घेऊन दादाकडे चालले." ती ओरडली असती तर वस्तादांनी कानाआड केलं असतं. पण ती भाजी निवडता निवडता बोलली.

मग शोध सुरू झाला. गावातला दारूचा गुत्ता आंधळ्यानंही दाखवला असता, पण ही मीटिंग कुणालाच ठाऊक नव्हती. वस्ताद विचारत ते अर्थातच मेव्हण्यासाठी. तो बिचारा आयुष्यात सोडावॉटरसुद्धा प्यायला नव्हता. औषधवाला उसळून म्हणाला, "मला कसं माहीत असणार? मी काय पितो?" पोस्टमन म्हणाला, "तिथं म्हणे कुणी आपलं नाव सांगत नाही. मग पत्र कुणाच्या नावानं येणार?" डॉक्टरांनी लवंग चघळत मर्यादेचं महत्त्व समजावलं. मीटिंग कुठं भरते हे कुणाला माहीत नाही, या बातमीनं वस्तादांना दर वेळी वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं. जास्त करून बरंच.

घात केला तो निवृत्त हेडक्लार्कनं. वस्तादांकडून अजूनही दाढी करून घेणारा हा एकटाच बहाद्दर. तोंडाला फेस असतानाच तो म्हणाला, "मेव्हण्याला सांगा, वाचनालयाची माडी, गुरुवारी संध्याकाळी सहा." वस्तादांचा वस्तरा हवेतच थांबला. याला कसं माहीत, हे विचारायची सोय नव्हती. त्यांनी हनुवटी तासली आणि पत्ता तेवढा लक्षात ठेवला.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, त्यांनी बायकोला छाती पुढे काढून सांगितलं, "पत्ता लागला. जाऊन येतो." वार सांगितला नाही. वार त्यांनी पक्का ठरवला होता: आजचाच. बुधवारी माडीला कुलूप असणार. ते डोळ्यांनी बघायचं, घरी यायचं आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगायचं, गेलो होतो, बंद होतं. यात खोटं काय होतं? काहीच नाही.

सहा वाजता ते जिना चढून वर गेले. कुलूप नव्हतं. दार अर्धवट उघडं होतं, आत खुर्च्यांचं कडं होतं, आणि दाराकडे पाठ करून बोलत होती ती त्यांची बायको.

बुधवारी ती शिवणाच्या क्लासला जाते, असं वस्तादांना माहीत होतं. दीड वर्षात घरात एक रुमालसुद्धा शिवून आला नव्हता, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

"हा पत्ता दीड वर्षं माझ्यापाशी आहे," ती सांगत होती. "पण आपला नियम, पिणाऱ्याला बोट धरून आणायचं नाही, त्यानं आपल्या पायानं यायचं. म्हणून गप्प बसले. आता ह्यांना पत्ता लागलाय. पण हे उद्या यायचे नाहीत. वार चुकवून येतील, कुलूप बघतील आणि शपथेवर सांगतील, बंद होतं. आणि ते खोटंही नसेल. ह्यांचं काहीच खोटं नसतं हो, तोच तर ताप आहे." ती थांबली. "काल बॅग भरली. पोरीचे कपडे, माझे कपडे. आणि सवयीनं ह्यांचेही दोन शर्ट घडी करून ठेवले. मग ते काढत बसले."

वस्तादांना आपली लाज वाटली. अशक्तपणा वगैरे काही नाही, नुसती लाज. ते माघारी वळणार, तोच दाराशी चहा ओतणाऱ्या आजींनी त्यांना पाहिलं. नव्या माणसाला त्या विचारायच्या तेच त्यांनी विचारलं, "या. घरात कोण पितं?"

मेव्हणा ओठांवर आलाच होता.

"मी," वस्ताद म्हणाले.

कड्यातली सगळी तोंडं वळली. बायकोची पाठ मात्र तशीच राहिली. आजी गडबडल्या. "अरेच्चा! मग तुमचा वार उद्या. आज घरच्यांचा असतो."

वस्तादांनी मान डोलावली. जिन्याखाली रस्ता होता, रस्त्यावर गुत्ता होता, आणि उद्याचे सहा वाजायला अजून पुरता एक दिवस होता.

"मग तोवर मी कुठं जाऊ, आजी?"

आजींनी इकडेतिकडे पाहिलं. याला नियम नव्हता. बायकोनं मागं न बघता शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली आणि खाली ठेवली.