मशीन म्हणतं, श्वास घ्या

पोस्टमॉर्टेमच्या खात्यात किस्से आपोआप साठतात. मेलेले बिचारे गप्प असतात, घोळ घालतात ते जिवंत. मी नाशिकच्या एका हॉस्पिटलात पोस्टमॉर्टेम करणारा डॉक्टर. छातीला मार लागलेली बॉडी आमच्याकडे आधी सीटी स्कॅन करून येते, मग माझ्या टेबलावर.

*

या सीटी मशीनच्या उद्घाटनाला एक पुढारी आले. फोटोसाठी हारासकट मशीनवर आडवे झाले, हात जोडून, डोळे मिटून. मशीन कुणासाठी आहे हे सांगायची कुणाची टाप नव्हती. दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात! देवळाली कॅम्पचे कार्यकर्ते पांढऱ्या कपड्यांत सांत्वनाला थेट बंगल्यावर पोचले. दार साहेबांनीच उघडलं.

*

खरं तर मशीन जुनंच, जिवंतांच्या वॉर्डातून आमच्याकडे ढकललेलं. त्यामुळे स्कॅनच्या वेळी ते अजून बोलतं, "श्वास रोखून धरा." मग, "आता श्वास घ्या." पहिली सूचना आमचे पेशंट चोख पाळतात. आवाज बंद करायला कंपनीचा माणूस निघालाय म्हणे. वर्ष झालं, निघालाच आहे.

एकदा नवा हवालदार आत उभा होता. पहिली सूचना झाली आणि मशीन अडकलं. लाल तोंडानं तो आमच्याकडे बघत राहिला. शेवटी मीच म्हटलं, "सोडा हो, तुम्हाला नाही म्हणत ते."

*

स्कॅन वाचतात रेडिओलॉजीच्या कुलकर्णी मॅडम. त्यांच्या मते सुरी म्हणजे मागासलेपणा. एकदा स्कॅनमध्ये न दिसलेल्या दोन मोडक्या बरगड्या मला सापडल्या. मी मिरवत त्यांच्याकडे गेलो.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आणि फुप्फुसाबाहेर साठलेली हवा? स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतेय."

छाती मी आधीच उघडली होती. "ती एव्हाना द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये असेल," मी म्हटलं. तेव्हापासून आम्ही एकमेकांना विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

*

सायखेड्याचा एक तरुण ट्रॅक्टर उलटून गेला. दवाखाना येईपर्यंत थोरला भाऊ नामदेव त्याची छाती दाबत होता. बरगड्या मोडल्यात हे कळताच मयताच्या सासरचे म्हणाले, "यानंच बुक्क्या घालून मारला, जमिनीपायी." पोलीस नामदेवला बॉडीसोबतच घेऊन आले.

स्कॅन झाला, पोस्टमॉर्टेम झालं. पाठीकडच्या बरगड्या ट्रॅक्टरखाली चिरडलेल्या, त्यांनीच फुप्फुस फाडलेलं. पुढच्या मोडल्या त्या दाबताना. मॅडमचं आणि माझं पहिल्यांदाच लगेच एकमत झालं.

मी बाहेर येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "हा ट्रॅक्टरनं गेला. भावानं वाचवायलाच छाती दाबली. नीट दाबली तरी बरगड्या मोडतात." सासरचे खाली बघत निघून गेले. हवालदार म्हणाला, "जा बाबा, मोकळा झालास." मला फार बरं वाटलं.

नामदेव मात्र बाकावरून उठेना.

आत पुढची बॉडी मशीनवर गेली. बंद दाराआडून आवाज आला, "आता श्वास घ्या."

नामदेवनं मान वर केली.

"मी बी त्याला ह्येच सांगत व्हतो, साहेब."