डावीकडून येणारा वारा

एडवणहून केळव्याकडे सायकलने निघालं की समुद्र डाव्या हाताला राहतो. सुरूची झाडं असतात तोवर ठीक. पण मध्येच ती संपतात, आणि तिथे वारा असा आडवा येतो की नवखं माणूस सायकलसकट उजवीकडच्या वाडीच्या कुंपणात जाऊन पडावं. मी एडवणचीच. या रस्त्यावर शर्यतीची सायकल चालवायला शिकले आणि याच रस्त्यावर बऱ्याच शर्यती जिंकल्या. लोक मला जिंकणारी म्हणून ओळखत. माझ्या डावीकडे कोण असायची ते कोणी विचारत नसे.

ती सफाळ्याच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. माझ्याहून बरीच लहान. आमचा संघ बोईसरच्या एका कारखानदाराचा होता. त्यांचा पाइपांचा कारखाना, त्यामुळे आमच्या पिवळ्या जर्सीवर पोटावरून आडवा एक निळा पाइप छापलेला असे आणि आम्ही पाच-सहा जणी रस्त्याने निघालो की नळ दुरुस्त करायला चाललोय असं वाटे. पण मालक शौकीन होते. चांगल्या सायकली देत, दरमहा मानधन देत, आणि लीडर कोण हे स्वतः ठरवत. लीडर मी होते.

लोकांना वाटतं, जी जोरात पळवेल ती पहिली. तसं नसतं. संघात एक लीडर असते, बाकीच्या तिच्यासाठी राबतात. वारा समोरून आला की तिच्या पुढे राहायचं, डावीकडून आला की डावीकडे. ती आडोशाला बसून पाय राखते आणि शेवटच्या टप्प्यात एकटीच सुटते. बाकीच्यांचा दम तोवर गेलेला असतो. हे राबणं ती जशी करायची तशी कोणी केलेलं मी पाहिलं नाही. मी फक्त "सरक" म्हणायचे. कुठल्या बाजूला, किती, हे सांगावंच लागत नसे. तिचा खांदा माझ्या डाव्या हाताशी येऊन थांबायचा आणि वारा बंद व्हायचा. खोली बंद केल्यासारखा.

आमच्या खेळात माणसं दिवाळीनंतर हलतात. कोण कुठल्या संघात चालली, कोणाला कोणी फोन केला, याच्या बातम्या सगळ्या तालुक्यात फिरतात. त्या वर्षी तिनेच मला पालघरला सरावानंतर चहाच्या टपरीवर सांगितलं.

"ताय, वसईवाले बोलवतात. लीडर करतात मला."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. राग माझ्या नाकावर असतो हे घरचे सांगतात ते खोटं नाही. मी म्हटलं, "लीडर व्हायला आवाज लागतो गं. तुझा आवाज साखळीच्या आवाजातसुद्धा ऐकू येत नाही."

ती हसली. "ते बी शिकेन ना," म्हणाली आणि माझाही रिकामा ग्लास उचलून टपरीवाल्याला देऊन आली.

वसईच्या संघाने तिला लीडर म्हणून घेतलं, पण पुण्याकडची एक मुलगीही आणली. दोघींनाही लीडर व्हायचं होतं. मग त्यांच्या मालकाने निकाल लावला. पालघरच्या हिवाळी शर्यतीत आमची ही पहिली आली तर ती लीडर. नाही आली तर पुण्याची, आणि हिने पुन्हा दुसरीसाठी वारा अंगावर घ्यायचा. हे मला शर्यतीच्या आधीच कळलं होतं. सगळ्यांनाच कळलं होतं.

शर्यत सफाळ्याहून सुटायची. एडवण, केळवे, माहीम, पालघर, आणि शेवट कोळगावला, जिल्हा मुख्यालयाच्या रुंद रस्त्यावर. एडवणच्या वळणापर्यंत बाकीच्या मागे पडल्या आणि आम्ही दोघीच पुढे राहिलो. तिच्या अंगावर नवी लाल जर्सी. मी तिच्याशी बोलले नाही, तिनेही मान वळवली नाही. सुरूची झाडं संपली. वारा आला.

आणि ती सरकली. माझ्या डावीकडे आली आणि तिचा खांदा माझ्या हाताशी येऊन थांबला. जणू ती संघ सोडून गेलीच नव्हती.

मी काय केलं? आडोशाला बसले. दुसरं काय करणार? शर्यत म्हणजे काही सत्यनारायणाचा प्रसाद नव्हे, सगळ्यांना वाटून खायला. समोरची चुकली की तिचा फायदा घ्यायचा, हाच खेळ आहे, आणि हे मी आजही कोणालाही तोंडावर सांगेन. केळवे आलं, माहीम आलं, ती वारा अंगावर घेत राहिली. कोळगावला मी तिच्या मागून सुटले आणि पहिली आले. ती दुसरी. पुण्याची मुलगी लीडर झाली.

त्यानंतर मला चैन पडेनासं झालं. आमच्या संघाने तिच्या जागी दुसरी मुलगी आणली, गुणी, तगडी. पण ती डावीकडे आली की मी दचकायचे. डावीकडे कोणी नसलं की मला कोणीतरी असल्यासारखं वाटायचं. सरावाला एकटी निघाले तरी मी रस्त्याच्या कडेला सायकलभर जागा सोडून चालवू लागले. बोईसरला कंपनीच्या गेटसमोर एका कामगाराने हटकलंसुद्धा, "दीदी, बीच में क्यों चला रही हो, साइड तो पूरी खाली है!" मी कडेला झाले. थोडं पुढे जाऊन पाहते तर पुन्हा तेवढीच जागा सोडलेली. तारापूरच्या रसायनांचा उग्र वास नाकात, मागे टेम्पोंचे भोंगे, आणि त्या सगळ्यात डावीकडून कोणीतरी धापा टाकतंय. मला भीती वाटायची. भुताखेतांची नाही. ती जिवंत होती, सफाळ्याच्या बाजारात कोणाकोणाला दिसायची. पण माझ्या शेजारी जे चालायचं ते तिच्यातूनच सुटून आलेलं आहे, आणि ते परत द्यायचं कसं, हे मला कळत नव्हतं.

पुढची दिवाळी आली. पुण्याच्या मुलीला नाशिकचा संघ घेऊन गेला, आणि वसईवाल्यांनी नाइलाजाने हिला सांगितलं की या हिवाळ्यात तूच लीडर, ही शेवटची संधी. हे ऐकलं आणि मी सायकल न घेता, रिक्षाने, तिच्या पाड्यावर गेले.

ती अंगणात भात झोडत होती. मला बघून हातातली पेंढी खाली ठेवली, पाणी आणलं. तिची आई आत गेली. मी वेळ न घालवता विचारलं, "तू त्या दिवशी का सरकलीस?"

"तुमी बोललात म्हणून."

"मी? मी एक शब्द बोलले नाही."

"बोललात, ताय. 'सरक' बोललात. मी आयकलं."

मी शपथेवर सांगते, मी बोलले नव्हते. त्या वळणावर माझा घसा इतका कोरडा होता की जीभ टाळ्याला चिकटली होती. माझ्याकडे एका शब्दापुरतासुद्धा श्वास नव्हता. हे मी तिला सांगितलं. मोठ्याने सांगितलं, कारण मला घाबरायला झालं की माझा आवाज चढतो.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मंग तसंच असंल. मला आता बी आयकू येतंय. पाणी भरताना येतं, भात झोडताना येतं. मी सरकते. आई हसते मला, बोलते, कोनाला वाट देतेस गं?"

ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. पाठ दुखते असं सांगावं, तसं सांगत होती. मला मात्र अंगणातल्या त्या उन्हात थंडी वाजली. माझ्या शेजारी तिचा खांदा चालत होता आणि तिच्या कानात माझा आवाज. आम्ही दोघी आपापल्या घरी होतो आणि तरी सुटलो नव्हतो.

"यंदाच्या शर्यतीला तुमी येऊ नका, ताय," ती म्हणाली. "तुमी असल्या की मी परत सरकेन. मला जिंकायचं हाय. आनि गप ऱ्हावा ना. मी हात जोडते."

तिने खरंच हात जोडले. त्या हातांना भाताची कुसळं चिकटलेली होती. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

मालकांना मी गुडघ्याचं कारण सांगितलं. त्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ठीक आहे. पुढच्या वर्षी लीडर कोण ते मग बघू," म्हणाले. त्याचा अर्थ मला कळला. इतकी वर्षं याच अर्थाच्या भीतीने मी पहाटे उठत आले होते. त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही असं नाही. वाटलं. पण मी गेले नाही.

शर्यतीच्या सकाळी मी घरीच होते. आमची वाडी रस्त्यापासून आत आहे, तिथून सायकली दिसत नाहीत. फक्त माडांच्या झावळ्या हलायला लागल्या की रस्त्यावर वारा किती असेल ते कळतं. झावळ्या हलायला लागल्या. मी ओसरीच्या खांबाला टेकून बसले आणि तोंडावर हात धरला. शिकल्यासवरल्या बाईने असं करावं का, हसा खुशाल. माझा आवाज न बोलताही तिच्यापर्यंत जातो, तर बोलल्यावर कुठवर जाईल, हे मला ठाऊक नव्हतं. मी मनातसुद्धा काही म्हणायचं टाळत होते. मन गप्प बसवणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं. तो एक शब्द पुन्हा पुन्हा वर येत होता आणि मी तो गिळत होते.

आई सुपारी सोलत बसली होती. तिने दोनदा हाक मारली. मग उठून जवळ आली.

"काय झालं गं? दाढ दुखते काय?"

मी मान हलवली.

"मंग लवंग धर ना. नुसती काय बसलीस?"

मी लवंग धरली. चहा नको म्हणून हातानेच सांगितलं. शेजारच्या काकू येऊन गेल्या, त्यांच्याशीही बोलले नाही. त्या आईला हळूच म्हणाल्या, शर्यतीला नेली नाय वाटतं, म्हनून रुसली. मला राग आला, पण तोही गिळला. वारा पडेना. एडवणचं वळण झालं असेल, केळवे झालं असेल, असं मनात येऊ लागलं की मी नजर ओसरीच्या फरशीवर ठेवत होते.

दुपारी फोन वाजला. तिचाच होता. मी उचलला आणि कानाला लावला. पलीकडे गलका होता, भोंग्यावर कोणीतरी पहिल्या क्रमांकाची विजेती म्हणून वसईच्या संघाचं नाव पुकारत होतं. त्याच्या अलीकडे, अगदी फोनजवळ, ती धापा टाकत होती. ती धाप मी कुठेही ओळखली असती. मी काही बोलले नाही.

"ताय," ती म्हणाली, "आता बोला."