उलटी बिजागरी

संग्रहालयात तिला सगळे शिंपलेताई म्हणत. दगड झालेले जुने शिंपले पारखून ज्याला त्याला त्याच्या कुळात बसवायचं, हे तिचं काम. शिंपल्याची बाहेरची नक्षी फसवते. कूळ ठरतं ते दोन झडपा जिथे जुळतात, त्या बिजागरीच्या दातांवरून; एकीचा दात दुसरीच्या खाचेत बसतो.

या खेपेच्या शिंपल्याचं कवच कधीच विरून गेलं होतं. दगडात नुसती पोकळी उरली होती. तिने त्यात पातळ रबर ओतलं, पुरतं सुकेपर्यंत हात लावला नाही, मग हळूच सोडवलं. दात अख्खे आले. शेजारी समुद्रापलीकडून आलेला, तशाच शिंपल्याच्या दुसऱ्या झडपेचा प्लास्टरचा तुकडा होता. दोन्ही जुळले, तर महासागराने तोडलेले हे किनारे एके काळी एकाच उथळ समुद्राचे शेजारी होते, या तिच्या म्हणण्याला बळ मिळणार होतं. नाहीतर वर्षांची मेहनत पाण्यात.

जुळले नाहीत. इथे दात, तिथे खाच हवी, तर तिथेही दात.

"ताई, उद्या पलीकडच्यांना नाही म्हणून कळवतो," साहेब म्हणाले. "ओढूनताणून नातं जोडू नये."

"ओढलं असतं तर रबर फाटलं असतं," ती म्हणाली खरी, पण तोंड उतरलंच.

घरी सासूबाई दंतवैद्याकडचा साचा हट्टाने घेऊन आल्या होत्या.

"बघ गं, माझे उरलेले चार दात मेल्याने कुठे घातले? नुसते खड्डे!"

"अहो आई, ठसा आहे तो. दाताच्या जागी खड्डाच, खड्ड्याच्या जागी दात..."

"गप्प का झालीस? जीभ गिळलीस?"

"आई, तुमच्या तोंडात साखर पडो!"

"पडू दे. चावावी लागत नाही."

सकाळी तिने प्लास्टरवर रबर ओतलं. पलीकडच्यांनी शिंपल्याची नव्हे, दगडातल्या ठशाचीच नक्कल पाठवली असावी. साहेब दोनदा डोकावले.

"साहेब, एवढी युगं थांबला हा शिंपला. तुम्ही दुपारपर्यंत थांबा."

दुपारी दोन्ही रबरं समोरासमोर ठेवली. इथल्या दाताला तिथे खाच, तिथल्या दाताला इथे. एकाची डावी झडप, दुसऱ्याची उजवी. मिटल्या तर फट राहीना.

साहेब भिंगावरून उठले ते हसतच. "जुळलं की हो, ताई!"

"एकाने भागत नाही. पुढचा दगड काढा."

उरलेलं रबर तिने संध्याकाळी घरी नेऊन सासूबाईंच्या साच्यात ओतलं. त्यांनी ते चार दात आरशासमोर धरले.

"आता सांग, माझे सोयरे कुठल्या किनाऱ्यावर?"