बाबा, ग्रंथालय कुठंय?

लेकीने माझ्याच कॉलेजात प्रवेश घ्यावा असा माझा हट्ट, म्हणून तिला ते दाखवायला नेलं होतं. फाटकापासून मी उत्साहाने सांगत सुटलो. या कट्ट्यावर आम्ही दिवस दिवस बसायचो, या कॅन्टीनमधला वडा काय असायचा! तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, ग्रंथालय कुठंय?"

मी डावीकडे बोट दाखवलं. तिथे सायकलींचा स्टँड निघाला. शेवटी झाडांना पाणी घालणाऱ्या मावशींना विचारलं.

"पहिल्यांदाच आलात का?" मावशी म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो. लेक माझ्याकडे बघत राहिली.

ग्रंथालय दुसऱ्या मजल्यावर होतं. तीन वर्षं मी त्याच्या खालून रोज गेलो होतो. या कॉलेजसाठी घरी भांडून दोन दिवस जेवलो नव्हतो मी. प्रवेश मिळाला आणि मला वाटलं, झालं.

लेक एका कपाटाशी उभ्या उभ्याच वाचू लागली. मी दारातच थांबलो होतो.

"बाबा, आत ये ना," तिने हळूच हाक मारली.

मी गेलो, पण लांबच्या टेबलावर बसलो, तिला माझा चेहरा दिसणार नाही असा.