झाकणावरचा हात

भाईंदरच्या एका छोट्या साप्ताहिकात मी काही वर्षे चित्रपट परीक्षणे लिहितो. नोकरी बँकेतली, हे लिखाण हौसेचे. पत्नी गेल्यानंतर या सदरानेच माझे रविवार सांभाळले.

मुलीचा पहिला चित्रपट आला, तेव्हा परीक्षण माझ्याकडेच आले. काशीगावच्या बाजूला एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत ती काम करते. चित्रपट लहान मुलांसाठीचा: पृथ्वीपासून दूर निघालेले यान, त्यात वाढणारी एकटी मुलगी आणि तिला सांभाळणारे जुने यंत्र. त्या यंत्राच्या हातांच्या हालचाली माझ्या मुलीने केल्या होत्या. परीक्षण दुसऱ्या कोणाकडे द्यावे, असे मी संपादकांना सुचवले.

"दुसरं आहे कोण, सर?" ते हसले. "घरचंच कार्य. चार तारे आधीच छापून ठेवतो."

थट्टाच ती, पण मला लागली. आपल्या मुलांचे कौतुक चारचौघांत करायची आमच्या घरी रीत नव्हती. वडिलांनी माझे केले नाही, मी मुलीचे केले नाही. मीरा रोडच्या चित्रपटगृहात मी वही उघडून बसलो तो दोष शोधायलाच. आजूबाजूची मुले खिदळत होती, मध्येच एकदम गप्प होत होती. ते मी टिपले नाही.

मी लिहिले: कथा साधी आहे, अंतराळातला अंधार मुलांना न घाबरवता दाखवला आहे, मात्र यंत्राचे हात रेंगाळतात. 'बियांच्या डब्याला झाकण लावल्यावर यंत्र आपला तळवा त्यावर कितीतरी वेळ ठेवून राहते. यंत्राला याचे प्रयोजन काय? अशा जागी चित्रपट विनाकारण थांबतो.' अडीच तारे दिले आणि निःपक्षपाती राहिल्याचे समाधान मानले.

रविवारी मुलगी जेवायला आली.

"वाचलं," ती म्हणाली. "ऑफिसात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं एकानं. म्हणतो, बापानंच काढली की तुझी."

"घरचं म्हणून झुकतं माप द्यायचं का मी?"

"त्याचं नाही हो काही, बाबा." ती म्हणाली. "तुम्हाला ते हात ओळखूच आले नाहीत?"

मला कळेना. तिने ओट्यावरची सुकटीची बरणी आणून माझ्यासमोर ठेवली आणि मग मला कळले.

आमच्या इमारतीत बहुतेक घरे शाकाहारी. पालीच्या कोळीवाड्यातून सुकट, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, आणली की पत्नी ती बरणीत भरून झाकण घट्ट फिरवी आणि त्यावर तळवा दाबून उभी राही, वासाची समजूत काढल्यासारखी. "बस आता आतच," म्हणायची, "नाहीतर समोरच्या भाभी बेल वाजवतील." चोवीस वर्षे हे माझ्या डोळ्यांसमोर होत राहिले. मी ते पाहिले, असे आता म्हणवत नाही.

"आईचा एक व्हिडिओ नाही आपल्याकडे," मुलगी म्हणाली. "नुसते फोटो. हात कसे हलायचे, ते आठवून आठवून केलं मी."

दुसऱ्या दिवशी मी चित्रपटगृहात गेलो, तर चित्रपट उतरला होता. संपादकांकडे पुन्हा लिहू देण्याची विनंती केली. ते हळूच म्हणाले, "सर, परीक्षणाला दुरुस्ती कशी छापणार?" महिनाभराने मुलीने सांगितले की, ती आता फक्त मागची दृश्ये रंगवते, ग्रह, खडक, आकाश. हातांचे काम पुन्हा मागून घेतले नाही तिने.

गेल्या रविवारी जेवण झाल्यावर तिने सुकटीच्या बरणीला झाकण लावले आणि लगेच हात काढून घेतला.

"थोडा वेळ ठेव ना," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले आणि बरणी माझ्यापुढे सरकवली. "तुम्हीच ठेवा."

मी तळवा झाकणावर ठेवला. किती वेळ ठेवायचा, ते मला ठाऊक नव्हते. मी तिच्याकडे पाहिले. ती ताटे उचलत होती.