मिंचोचे एकोणीस गिगाबाइट

ओरेश्का गावात मिंचो कोलारोव्हला सगळे संगणकातला जाणकार समजत, आणि मिंचोनंही हा गैरसमज दूर करण्याची घाई कधी केली नव्हती. खरं म्हणजे त्याच्या ज्ञानाला तीस वर्षांपूर्वीच गंज चढला होता. पण शहरातल्या डिस्कच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर सव्वीस वर्षं काढलेला माणूस गावात दुसरा नव्हता. कुणाचा फोन बंद पडला, कुणाचा टीव्ही मुका झाला, की बोलावणं मिंचोला. तो जायचा, चष्मा कपाळावर चढवायचा, वायर काढून पुन्हा लावायचा आणि राकियाचा पेला रिचवून घरी यायचा. निम्म्या वेळा वायर लावल्यानंच काम व्हायचं. उरलेल्या वेळी तो "हल्लीचा मालच असा" म्हणायचा, आणि राकिया तरीही प्यायचा.

या वेळचं काम मात्र वायर काढून होण्यासारखं नव्हतं. गावच्या वाचनमंदिरातल्या जुन्या संगणकात बायकांच्या गायनमंडळाची तीस वर्षांची चित्रणं होती. शुक्रवारी दुपारी बारा वाजता नगरपालिकेची गाडी तो संगणक उचलून नेणार होती. त्याआधी सगळं नव्या डिस्कवर उतरवून घ्यायचं होतं. मंडळाचा मुख्य आवाज म्हणजे मिंचोची बायको, झ्लात्का. सहा वर्षांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती कुजबुजल्यासारखं बोलते. ऑपरेशनच्या आधी, संत जॉर्जच्या सणाला ती शेवटचं गायली, आणि ते गाणं त्या संगणकाखेरीज कुठेही नव्हतं.

"सगळं मावेल ना रे?" झ्लात्कानं विचारलं होतं.

"मावून वर चौऱ्याहत्तर उरतील," मिंचो म्हणाला, तेही अख्ख्या गायनमंडळासमोर, तोंडात बानित्साचा घास असताना. त्याचा हिशेब सरळ होता. चित्रणं नऊशे पन्नास गिगाबाइट. डिस्क एक टेराबाइटची, म्हणजे एक हजार चोवीस गिगाबाइट. संगणक दुपटीनं मोजतो: दोन, चार, आठ, सोळा, आणि असं करत हजाराच्या जवळ पोचतो तेव्हा आकडा येतो एक हजार चोवीस. कारखान्यात नव्या मुलींना तो हेच शिकवायचा, आणि जिला समजायचं नाही तिला दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं शिकवायचा.

गुरुवारी सकाळी डिस्क भरली आणि काम थांबलं. जागा संपली, असं संगणक म्हणाला. मिंचोनं चष्मा कपाळावर चढवला, मग वाचता येईना म्हणून पुन्हा खाली घेतला. डिस्कची एकूण जागा होती नऊशे एकतीस. एकोणीस गिगाबाइट बाहेर राहिले होते. चित्रणं वर्षवारीनं उतरत होती, त्यामुळे बाहेर काय राहिलं हे पाहायचीही गरज नव्हती. शेवटचं वर्ष. संत जॉर्जचा सण.

मिंचोचं डोकं तापायला फारसा वेळ लागत नाही. दहाच्या बसनं तो शहरात गेला आणि जिथून डिस्क घेतली होती त्या दुकानातल्या रालित्साच्या पुढ्यात त्यानं डिस्क आपटली.

"यातले त्र्याण्णव गिगाबाइट कुणी खाल्ले? माझे एकोणीस बाहेर राहिले!"

"कुणी नाही, काका," रालित्सा म्हणाली. तिनं खोकं उलटं करून मुंगीएवढ्या अक्षरांवर बोट ठेवलं. "हे बघा. एक टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट. बनवणारे हजारानं मोजतात, तुमचा संगणक एक हजार चोवीसनं. बाइट तेवढेच आहेत, फक्त मापं दोन आहेत."

"हजारामागे चोवीसचा फरक. तेवढ्यानं एवढे जातात?"

"दर पायरीला वाढतो ना फरक. किलोला थोडा, मेगाला जास्त, गिगाला त्याहून जास्त. तुम्ही टेरापर्यंत चढलात."

"बाळ, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी डिस्क मोजतोय. ही लबाडी पहिल्यांदा कोणत्या चोराला सुचली, ते मला सांग."

हे बोलताना दुकानात सहा गिऱ्हाइकं होती आणि सगळी ऐकत होती. रालित्सानं समजुतीनं एक पेनड्राइव्ह पुढे केला. "एकोणीस यात आरामात जातील, काका." पण मिंचो तोवर जाहीर करून बसला होता की या दुकानाची पायरी तो पुन्हा चढणार नाही. आता तोच पेनड्राइव्ह घ्यायचा म्हणजे सहा माणसांसमोर शेपूट घालायचं. तो ताठ मानेनं बाहेर पडला. गावात असलं दुकान नाही आणि दुपारनंतर शहराला बस नाही, हे त्याला परतीच्या बसमध्ये बसल्यावर आठवलं.

त्याच बसमध्ये त्याला चोरही आठवला.

चौऱ्याऐंशी साल. तिमाही संपायला दोन दिवस उरलेले आणि मिंचोच्या तुकडीची योजना, म्हणजे वरून ठरवून दिलेलं उत्पादन, शहाण्णव टक्क्यांवर अडकलेली. योजना पूर्ण झाली तर दहा दिवस समुद्रकाठी, कामगारांच्या विश्रामगृहात. नाही झाली तर भिंतीवरच्या फळ्यावर लाल अक्षरांत नाव. योजना मोजली जायची मेगाबाइटमध्ये. आणि मेगाबाइट दहा लाख अठ्ठेचाळीस हजार बाइटांचाच का धरायचा, सरळ दहा लाखांचा का नाही, हा प्रश्न अख्ख्या कारखान्यात एकाच हुशार माणसाला पडला. एकही जादा डिस्क न बनवता शहाण्णवचे शंभर पूर्णांक सहा दशांश झाले. तुकडीनं त्याला खांद्यावर घेतलं. त्या समुद्रकाठी त्यानं योजना कार्यालयातल्या झ्लात्काला मागणी घातली, आणि टक्क्यांचं गुपित तिच्यापासून जपून ठेवलं. चाळीस वर्षं उलटली, तरी ते तिला सांगायचं धाडस त्याला झालं नव्हतं.

घरी अंगणात झ्लात्का लाल मिरच्या भाजत होती. मिंचो बाकावर बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं: आधी एकोणीस गिगाबाइट, मग पेनड्राइव्ह, मग समुद्र.

"तर मी लबाड आहे," तो म्हणाला, "आणि वर गाढवही. माझ्याच मापानं मला लुटलं, आणि मी त्या पोरीच्या अंगावर ओरडून आलो. तुझं गाणं राहिलं बाहेर."

झ्लात्कानं मिरची उलटली. "योजनेच्या त्या कागदावर तपासणीची सही कुणाची होती, आठवतं?"

"कार्यालयातली कुणाची तरी असेल."

"माझी. दोनदा बेरीज केली मी. दोन्ही वेळा शहाण्णवच आले." तिचा आवाज मिरचीच्या तडतडीत जेमतेम ऐकू येत होता. "कार्यालयातून एकीला तुकडीबरोबर पाठवणार होते. म्हणून केली सही. समुद्र मी त्याआधी पाहिला होता, मिंचो."

मिंचोनं जिच्यापासून चाळीस वर्षं लपवलं तिलाच ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तो आपला स्वतःला पोचलेला समजत होता.

"आता हे सांग," झ्लात्का म्हणाली, "त्या डिस्कवर तुझी भाषणं किती आहेत?"

चित्रण करायचं काम मिंचोचं. दर सणाला गाण्याआधी तो कॅमेऱ्यासमोर येऊन विज्ञानाच्या प्रगतीवर दोन शब्द बोलायचा. ते दोन शब्द कधीच अर्ध्या तासाच्या आत संपले नाहीत. मग जेवताना कॅमेरा बंद करायला विसरायचा. हे सगळं त्यानं 'प्रास्ताविक' नावानं वेगळं जपलं होतं.

"बावीस गिगाबाइट," तो पडलेल्या आवाजात म्हणाला.

"काढून टाक."

"त्यात एक भाषण फार चांगलं झालंय गं."

"कोणतं?"

बराच वेळ आठवूनही त्याला ते आठवलं नाही.

शुक्रवारी पावणेबारा वाजता शेवटचं वर्ष डिस्कवर उतरलं. नगरपालिकेचा माणूस दारात उभा राहून बिया सोलून खात होता. नीट उतरलंय का ते पाहायला मिंचोनं संत जॉर्जच्या सणाचं चित्रण लावलं. पडद्यावर झ्लात्का गायला उभी राहिली, पण आधी ऐकू आला मिंचोचाच आवाज. "लाल दिवा लागला का? हां. गा गं आता, झ्लात्के, मी आहे इथं." मग ती गायली. सगळं वाचनमंदिर त्या आवाजानं भरून गेलं. मिंचोच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या झ्लात्काचे ओठ गाण्याबरोबर हलत होते आणि त्यांतून काहीच बाहेर येत नव्हतं. मिंचोला रडू आलं आणि ते त्यानं लपवलं नाही.

गाणं संपल्यावर त्यानं नाक पुसलं. "सुरुवातीची ती माझी बडबड कापतो," तो म्हणाला. "गाण्यात कशाला हवी."

झ्लात्कानं त्याचा हात धरला.

"तेवढी राहू दे," ती कुजबुजली. "जागा आहे ना?"

"आहे," मिंचो म्हणाला. "एक हजार चोवीसनं मोजली तरी आहे."