चौथ्या गोगलगायीचे वजन

गेल्या नोव्हेंबरात, एका रविवारी सकाळी, आमच्या घरातली तिसरी गोगलगाय मेली. दुसरी त्याच्या आधीच्या रविवारी मेली होती आणि पहिली त्याच्याही आधीच्या. वार तिन्ही वेळा तोच होता हे तिसऱ्या वेळी लक्षात आले.

घर जानकीपुरमला, दुसऱ्या मजल्यावर आहे. घरात मी, बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि माझी आई. वडील रेल्वेत इंजिनिअर होते. भुसावळहून बदली होऊन इथे उत्तरेत आले, इथेच निवृत्त झाले आणि इथेच गेले. आई परत गेली नाही. मी एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो. खाली जे आहे ते मी पाहिलेले आहे किंवा त्या त्या दिवशी वहीत लिहिलेले आहे.

गोगलगायी मुलीने ऑगस्टमध्ये आवारातल्या भिंतीवरून आणल्या. चार होत्या, लिंबाएवढ्या, तपकिरी पट्ट्यांच्या. तिने त्यांना नावे दिली नाहीत. शंखावर पेन्सिलीने एक ते चार आकडे लिहिले. काचेच्या जुन्या पेटीत चार बोटे माती घातली, वर मच्छरदाणीची जाळी ताणून बांधली आणि पेटी जेवणाच्या टेबलाशेजारी खिडकीखाली ठेवली. रोज काकडीची चकती, आठवड्यातून दोनदा कोमट पाण्याचा फवारा. हात लावला की साबणाने धुवायचे, असा नियम मी केला.

ऑक्टोबरअखेर पहिली आजारी पडली. सकाळी ती काचेच्या कोपऱ्यात होती आणि तिच्या तोंडाशी पांढरा फेस होता. फेस बुडबुड्यांचा होता आणि त्यातून बारीक आवाज येत होता. दुपारपर्यंत ती शंखात इतकी खोल गेली की बाहेरून फक्त पोकळी दिसत होती. आम्ही तिला कोमट पाण्याच्या बशीत ठेवले. बुधवारी ती थोडी बाहेर आली, रविवारी पुन्हा फेस आला आणि त्यानंतर ती बाहेर आली नाही.

गोगलगाय मेली हे ठरवणे सोपे नसते. आजारी गोगलगाय आत जाते, थंडीत झोपणारीही आत जाते, मेलेलीही आतच असते. नाडी नाही, श्वास दिसत नाही. मी जे वाचले त्यात एकच खात्रीची खूण होती: वास. तो येईपर्यंत थांबायचे ठरले, म्हणून पहिली पेटीतच राहिली. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी टेबलाजवळ आवाज येऊ लागला. कोरड्या भाकरीवरून नख ओढावे तसा. बाकीच्या तिघी पहिलीच्या शंखावर चढल्या होत्या आणि तो किसत होत्या. गोगलगायींना शंखासाठी चुना लागतो, तो मिळाला नाही की त्या एकमेकींचा शंख खरवडतात. पेन्सिलीचा आकडा तोपर्यंत अर्धा गेला होता.

“त्या तिला खातायत,” आई म्हणाली.

“नाही आजी, कॅल्शियम चाहिए उनको,” मुलगी म्हणाली. तिला मराठी सगळे कळते. उत्तर बहुधा हिंदीत येते.

आई पेटीकडे पाहत राहिली. “चांगल्या खेळत होत्या. शेजारची बाई येऊन बघून गेली ना, तेव्हापासून.”

मी पहिलीला कुंडीत पुरले आणि चुन्यासाठी समुद्रफेन आणले. ते निशातगंजला पक्ष्यांच्या दाण्याच्या दुकानात मिळते. शंख किसणे थांबले. फेस थांबला नाही. पुढच्या रविवारी दुसरी फेसात सापडली आणि मी तिला डब्यात घालून निशातगंजच्याच एका पशुवैद्याकडे नेले. बाकावर एक पॉमेरेनियन कुत्रा आणि दोन मांजरे होती. डॉक्टरांनी डब्याचे झाकण उघडले, पुन्हा लावले आणि पुन्हा उघडले.

“भाईसाहब, इसका टेम्परेचर कहाँ से लूँ?”

बाकावरचे लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी भिंग घेतले. अंगावर माइट म्हणजे बारीक किडे नाहीत, शंख फुटलेला नाही, अंग शंखापासून सुटलेले नाही, एवढे त्यांनी बघितले. मग म्हणाले की फेस म्हणजे अंगाला काहीतरी झोंबले आहे. घरात काय फवारता? फरशी कशाने पुसता? काकडी कुठून आणता? दुसरी त्याच डब्यात, परतीच्या वाटेवर गेली असावी. वेळ नक्की सांगता येत नाही.

त्यानंतर मी वहीत रोजची नोंद सुरू केली. फरशीचे औषध बंद केले. डासांची कॉइल बंद केली. काकडी सोलून, धुऊन देऊ लागलो. सोमवार ते शनिवार दुपारपर्यंत तिसरी आणि चौथी व्यवस्थित फिरल्या, खाल्ले, काचेवर चढल्या. रविवारी सकाळी तिसरी फेसात होती आणि दुपारी तिला वास येत होता. चौथी जाळीला उलटी चिकटली होती, मातीपासून जितके दूर जाता येईल तितकी.

मुलीने तिला सोडवून नळाच्या कोमट धारेखाली धरले. ती रडली नाही. “बाबा, कोई आता है क्या हमारे घर?” तिने विचारले.

तेव्हा मी मातीकडे नीट पाहिले. कडेला, काचेला लागून, हिरवे अंकुर आले होते. बारा-पंधरा असतील. प्रत्येकाला दोनच पाने, हृदयाच्या आकाराची. मातीत आम्ही काही पेरले नव्हते. मी एक उपटला. मुळाशी बीचे साल अजून चिकटलेले होते. मोहरी.

शनिवारी संध्याकाळी पाच ते आठ मुलगी कथकच्या क्लासला असते. बायको अमौसीला विमानतळावर ड्युटीवर असते, मी ऑफिसात. घरी आई एकटी असते. मी स्वयंपाकघरात गेलो. ती पोळ्या लाटत होती.

“आई, पेटीवरून दृष्ट काढतेस?”

तिने लाटणे थांबवले नाही. “काढते. ती शेजारची बघून गेली त्याच शनिवारपासून. मग काय करू? पोरीचा जीव आहे त्यांच्यात.”

“कशाने?”

“कशाने म्हणजे? मीठ, मोहरी, मिरच्या.”

“सांगितलं नाहीस.”

“दृष्ट काढताना बोलायचं नसतं. आणि तुम्ही हसला असता.”

हे खरे होते. मी मीठ कोणते ते विचारले. खडेमीठ, मूठभर. मूठ सात वेळा फिरवायची, प्रत्येक वेळी जाळीला टेकवायची. गेल्या वर्षापासून तिचा उजवा हात कापतो. मग मुठीतले उरलेले गॅसवर लोखंडी तव्यात टाकायचे. मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट नव्हती. लागला नाही तर होती.

“ठसका लागला?”

“एकदाही नाही.” आता तिने लाटणे ठेवले. “चार मिरच्या टाकल्या, मग सात, मग अकरा. काळ्या झाल्या, पण खोकला नाही, डोळ्यांत पाणी नाही. इतकी वाईट दृष्ट मी जन्मात पाहिली नाही. म्हणून दर शनिवारी जास्त घेत गेले.”

ओट्यावर धूर ओढणारी चिमणी आहे. दसऱ्याला बसवली. गॅस लावला की ती चालू करायची, हे आईला आम्हीच शिकवले होते. मी चिमणी बंद केली, तवा तापवला आणि एक मिरची टाकली. आम्ही दोघेही खोकलो. बाहेरच्या खोलीत मुलगीही खोकली आणि दारात येऊन उभी राहिली.

मी आईला सांगितले की मुठीतून मिठाचा चुरा जाळीतून खाली गळतो आणि मीठ गोगलगायीच्या अंगातले पाणी ओढून घेते. फेस त्याचाच.

आईने बोटे दुमडून मोजले. “तीन?”



“आजी,” मुलगी म्हणाली, “आपने किया?” ती आजीला एरवी अगं-तुगं करते.

त्या दिवशी मी जुनी माती फेकली, पेटी चार वेळा धुतली आणि रोपवाटिकेतून आणलेला नारळाचा भुसा भिजवून भरला. चौथीला दोन दिवस कोमट पाण्याच्या बशीत, तळवा बुडेल इतक्याच पाण्यात ठेवले. तिने तिसऱ्या दिवशी काकडी खाल्ली. डिसेंबरच्या सुरुवातीला तिने खाणे सोडले, शंखात गेली आणि तोंडावर पांढरा पडदा धरला. तो कागदासारखा कोरडा होता. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, थंडीत झोपली असेल. आत मेलीही असेल. पडदा फोडू नका, वजन करत राहा. मेलेली असेल तर वजन झपाट्याने उतरेल आणि वास येईल.

स्वयंपाकघरातला इलेक्ट्रिक काटा पेटीशेजारी आला. पहिल्या शनिवारी चौतीस ग्रॅम. मग तेहतीस. मग तेहतीस. वजन मुलगी करते आणि वास मुलगीच घेते. त्या वेळी आई टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते. ती पेटीला हात लावत नाही.

“वास?” आई विचारते.

“नहीं.”

एवढेच बोलणे होते. उरलेल्या आठवड्यात मुलगी तिच्याशी बोलत नव्हती. ताट मांडले की जेवायची आणि उठायची. आईने एकदा मला विचारले, “ही जगली तर बोलेल ना रे ती?” मी म्हणालो, माहीत नाही.

जानेवारीत धुके आठ दिवस हटले नाही. खिडकी बंद, पेटीवर जुनी शाल. त्या दिवसांत आई दुपारी टेबलापाशी बसू लागली. मी एकदा विचारले तर म्हणाली, आवाज येतो. कसला? नख ओढल्यासारखा. मी कान देऊन बसलो. मला आला नाही. मी शाल काढून पाहिले. चौथी जागच्या जागी, पडदा अखंड. पेटीत किसायला दुसरा शंखही नव्हता. आईने आणखी एक गोष्ट मागितली: रोज काकडीची ताजी चकती ठेवा. मुलगी मला म्हणाली, सोती हुई खाती नहीं. तरी ती रोज चकती बदलत होती. फेकायच्या चकत्या अख्ख्या असत. मी त्याही वहीत लिहिल्या.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी सव्वासातला मुलीने जाळी सोडली. गाठी आदल्या दिवशीसारख्याच होत्या. वजन बत्तीस ग्रॅम. वास नाही. पडदा शंखावर नव्हता. तो भुशावर, शंखापासून चार बोटे दूर, एका तुकड्यात पडलेला होता. गोगलगाय शंखात खोल होती. मुलीने बोट लावले, ती हलली नाही.

“वास?” आईने विचारले.

“नाही, आजी,” मुलगी म्हणाली. “तू बघ.”

आई उठून पेटीवर वाकली. काकडीच्या चकतीच्या कडेला अर्धगोल खाल्लेली खूण होती, आणि ती ओली होती.